मोदकपात्राची वाफ आणि ग्लासगोचं इंजिन

मोदकपात्राचं झाकण घाईत उचलून ज्याने बोट भाजून घेतलंय त्याला ठाऊक असतं, की उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षा वाफेचा चटका जास्त जहाल. खरं तर दोघांचं तापमान सारखंच, १०० अंश सेल्सिअस. फरक असा, की वाफ कातडीला लागताच तिचं पाणी होतं आणि त्या क्षणी ती पोटात दडवलेली उष्णता बोटावर रिकामी करते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात. तेच शंभर अंशांवरचं पाणी वाफेत बदलायला आणखी ५४०, आणि एवढी उष्णता ओतूनही तापमापीतला पारा तसूभर हलत नाही. उकडीचे मोदक शिजतात ते मुख्यतः या ५४० कॅलरींच्या जिवावर. दहावीच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात, आपण तो दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो.

हा उष्मा पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १७६०च्या आसपास, ग्लासगो विद्यापीठात. त्याच आवारात एका अवजारदुरुस्तीवाल्याचा कामाचा ओटा होता. पुढची वाफेवरची कारखानदारी या शेजारातून निघाली. पॅरिस किंवा लंडनमध्ये हे घडलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण ग्लासगो स्कॉटलंडमध्ये, आणि त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी हा देश अक्षरशः मोडीत निघाला होता.

१६९०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये एकामागून एक पिकं बुडाली आणि लोक उपाशी मेले. जानेवारी १६९७ मध्ये एडिंबरात टॉमस एकनहेड नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी फासावर चढवलं. त्याच सुमारास देशाने उरलंसुरलं पणाला लावलं: पनामाच्या चिंचोळ्या पट्टीत, डॅरिएन इथे वसाहत करायची आणि दोन महासागरांमधला व्यापार हातात घ्यायचा. चार लाख पौंडांचं भांडवल उभं करायचं ठरलं. सरदारांपासून छोट्या गावांच्या नगरपालिकांपर्यंत सगळ्यांनी नावं घातली. जुलै १६९८ मध्ये लीथ बंदरातून पाच जहाजं निघाली. ताप, पाऊस, स्पॅनिश सैन्य आणि इंग्लंडच्या वसाहतींना ‘यांना मदत करू नका’ म्हणून गेलेला हुकूम, या सगळ्यांनी मिळून १७०० पर्यंत खेळ आटोपला. जवळपास दोन हजार माणसं गेली.

१७०७ मध्ये स्कॉटलंडने आपली पार्लमेंट बंद करून इंग्लंडशी एकत्र यायचं मान्य केलं. बदल्यात ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मिळायचे होते आणि त्यातून डॅरिएनमध्ये बुडालेल्या भागधारकांची भरपाई व्हायची होती. आम्हाला विकलं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

या भरपाईच्या रोख्यांवाल्यांनी पुढे जी संस्था काढली, तीच १७२७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड झाली. तिने १७२८ मध्ये नवी सोय सुरू केली. दोन भरवशाचे जामीनदार आणा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे उचला, जमतील तसे भरा, व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर. आपल्याकडे भुसार दुकानदारापासून कारखानदारापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी ‘सीसी’ म्हणजे कॅश क्रेडिट असतं, त्याचं मूळ या स्कॉटिश बँकांत आहे. जमीन गहाण न टाकता, माणसाची पत बघून धंदा उभा राहू लागला.

दुसरी गोष्ट शाळांची. दर पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, शाळा आणि तिचा खर्च तिथल्या जमीनदारांनी उचलायचा, असा कायदा १६९६ मध्येच झाला होता. हेतू बायबल वाचता यावं एवढाच. पण एकदा वाचायला शिकलेला माणूस पुढे काय वाचेल यावर चर्चचा ताबा कसा राहणार? १७५५ च्या शिरगणतीत स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख भरली. एवढ्या लोकांत विद्यापीठं पाच, त्यातली दोन एकट्या ॲबरडीनमध्ये. श्रीमंत इंग्लंडमध्ये तेव्हा दोनच. शिवाय फीचा मोठा भाग विद्यार्थी थेट प्राध्यापकाच्या हातात ठेवत, आपल्याकडच्या क्लासवाल्यांसारखा. शिकवणं रटाळ झालं की वर्ग आणि खिसा दोन्ही रिकामे. ऑक्सफर्डला सहा वर्षं काढून परतलेल्या अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने तिथल्या बहुतेक प्राध्यापकांबद्दल पुढे लिहून ठेवलं, की त्यांनी शिकवण्याचं सोंग करणंही कधीच सोडून दिलंय.

म्हणजे ग्लासगोत सगळं आलबेल होतं असं नाही. शहराचा पैसा तंबाखूचा होता. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये गुलामांनी पिकवलेली तंबाखू क्लाइड नदीवाटे यायची आणि तिथून युरोपभर जायची. आजही तिथल्या रस्त्यांना व्हर्जिनिया, जमेका अशी नावं आहेत. स्मिथ ज्या व्यापाऱ्यांच्या मंडळात बसून बाजाराचे धडे घेत होता, ते तंबाखूवालेच. आणि आपला अवजारदुरुस्तीवालाही विद्यापीठात शिरला तो याच वाटेने.

त्याचं नाव जेम्स वॅट. ग्रीनॉक बंदरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा, लंडनला जेमतेम वर्षभर अवजारं बनवायला शिकून आलेला. ग्लासगोत दुकान टाकायचं तर सात वर्षांची उमेदवारी हवी, ती याची नव्हती. त्यामुळे शहरातल्या लोहार-कारागिरांच्या संघाने वाट अडवली, असं सांगतात. तेवढ्यात जमेकाहून विद्यापीठात खोकी आली. अलेक्झांडर मॅक्फार्लेन नावाच्या माजी विद्यार्थ्याने तिकडे गुलामांच्या श्रमांवर गडगंज पैसा केला होता, आणि मरताना त्याने आपल्या दुर्बिणी, कोनमापक असली खगोलाची उपकरणं विद्यापीठाला दिली होती. समुद्राच्या खाऱ्या हवेने ती गंजली होती. ती साफ करायचं काम १७५६ मध्ये वॅटला मिळालं, मोबदला पाच पौंड. काम चोख झालं आणि विद्यापीठाने त्याला आपल्याच आवारात जागा दिली, जिथे कारागिरांच्या संघाचा हुकूम चालत नव्हता. गुलामगिरीतून आलेल्या पैशाचा फायदा आपल्याला झाला, हे ग्लासगो विद्यापीठाने २०१८ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं.

त्याच आवारात रसायनशास्त्र शिकवत होता जोसेफ ब्लॅक. त्याला पडलेला प्रश्न कुणाही डोंगराळ प्रदेशातल्या माणसाला पडावा असा आहे. वसंतात ऊन चढलं की बर्फ शून्य अंशावर येतं. मग ते सगळं एकदम वितळून लोंढे का येत नाहीत? आठवडेच्या आठवडे ते उन्हात पडून का राहतं? ब्लॅकने एका मोठ्या दालनात दोन काचेचे चंबू टांगले. एकात बर्फाइतकंच थंड पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं बर्फ. पाणी अर्ध्या तासात काही अंश तापलं. बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. एवढा वेळ खोलीतली उष्णता त्यात शिरत होती आणि तापमापीला तिचा सुगावाही नव्हता. ब्लॅकने हे कुठे छापलं नाही; वर्गात शिकवलं, बस.

१७६३ च्या हिवाळ्यात वॅटच्या ओट्यावर वर्गात दाखवायचं एक खेळण्यातलं न्यूकोमेन इंजिन आलं. लंडनच्या नामांकित कारागिराकडे दुरुस्तीला पाठवूनही ते धड चालत नव्हतं. खाणीतलं पाणी उपसणारी अशी मोठी इंजिनं तेव्हा पन्नास वर्षं चालत होती. रीत अशी: सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. वॅटच्या समोरच्या या छोट्या नमुन्याचा सिलिंडर जेमतेम दोन इंच रुंदीचा. बॉयलर दिसायला पुरेसा मोठा, तरी चार-सहा ठोके मारून इंजिन गप्प.

दुसऱ्या एखाद्याने बॉयलर मोठा केला असता. वॅट मोजत बसला. किटलीच्या तोंडाला नळी लावून त्याने वाफ विहिरीच्या गार पाण्यात सोडली आणि चक्रावला: एक भाग पाण्याच्या वाफेने स्वतःच्या सहापट गार पाणी उकळीला आणलं. तो ब्लॅककडे गेला तेव्हा उलगडा झाला. आज आपण तोंडी हिशेब करू शकतो. विहिरीचं पाणी दहा अंशांचं धरा, उकळीपर्यंत ग्रॅममागे ९० कॅलरी. ५४० भागिले ९०, सहा. इंजिनाचं दुखणं आता उघडं पडलं. दर ठोक्याला सिलिंडर गार करायचा आणि पुढच्या ठोक्याला तोच परत तापवायचा. निम्म्याहून जास्त वाफ धातू गरम करण्यातच खपत होती.

उत्तर सापडलं १७६५ च्या मे महिन्यात, एका रविवारी ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर फिरताना. वाफेला गार करायचंय ना, मग सिलिंडर कशाला गार करता? शेजारी वेगळं भांडं ठेवा, ते कायम थंड राहू द्या, वाफ पोकळीकडे आपणहून धावेल. सिलिंडर कायम गरमच राहील.

कल्पनेला एक दुपार लागली, ती लोखंडात उतरायला अकरा वर्षं. ब्लॅकने उसने पैसे दिले. मग भागीदार म्हणून आला कॅरन लोखंड कारखान्याचा एक संस्थापक जॉन रोबक. त्याच्या कोळशाच्या खाणी बोनेस गावाजवळ पाण्याने भरत होत्या. तिथेच, किनील हाउसच्या मागच्या खोपटात, वॅटने पहिलं मोठं इंजिन जुळवलं. इथे एक गोष्ट इंजिनाच्या गोष्टींमधून हमखास गळते. स्कॉटलंडमधले खाणकामगार तेव्हा कायद्याने बांधलेले होते. १६०६ च्या कायद्यापासून मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना खाण सोडता येत नसे आणि खाण विकली की माणसंही नव्या मालकाकडे जात. ही वेठ पूर्ण सुटली १७९९ मध्ये. तोपर्यंत वॅटचं पेटंट तीस वर्षांचं झालं होतं.

किनीलचा सिलिंडर नीट गोल निघेना, दट्ट्याच्या कडेने वाफ गळायची. १७७३ मध्ये रोबकचं दिवाळं निघालं, इंजिन सुटं करून बर्मिंगहॅमला नवा भागीदार, कारखानदार मॅथ्यू बोल्टनकडे गेलं. तिथे जॉन विल्किन्सनच्या तोफा कोरण्याच्या यंत्राने अचूक सिलिंडर मिळाला. स्कॉटिश अभिमानाला हे थोडं बोचतं, पण डोकं ग्लासगोचं आणि हात इंग्लंडचे, हे खरं. नव्या इंजिनाला जुन्याच्या साधारण चौथाई कोळसा पुरायचा आणि बोल्टन-वॅट गिऱ्हाइकाकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा घेत.

शुक्रवारी, ८ मार्च १७७६ ला बर्मिंगहॅमजवळच्या ब्लूमफील्ड खाणीवर हे इंजिन लोकांसमोर सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्चला, लंडनमध्ये ॲडम स्मिथचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ प्रसिद्ध झालं. स्मिथ ग्लासगोत प्राध्यापक असताना वॅटचा ओटा त्याच आवारात होता, दोघांची ओळख होती. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात इंजिनाचा एक प्रसंग आहेही, पण तो जुन्या इंजिनाचा. वाफेची झडप उघडझाप करायला ठेवलेल्या एका पोराला सवंगड्यांबरोबर खेळायला जायचं असतं. तो झडपेच्या दांड्याला दोरी बांधतो, तिचं दुसरं टोक यंत्राच्या हलत्या भागाला अडकवतो. झडप आपोआप उघडझाप करू लागते आणि पोरगा बाहेर पळतो.