ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के?

'ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं, करून पाहिलेलं ९० टक्के' असे टक्के एकाखाली एक मांडलेला त्रिकोणाच्या चित्राचा मेसेज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यावरून 'लेक्चरला बसणं वायाच' असं मुलं ठरवून टाकतात.

आधी आकडे पाहा. सगळे दहाच्या पटीत. कुणाला, काय ऐकवलं, किती दिवसांनी विचारलं? काहीच दिलेलं नाही. खऱ्या मोजणीत इतके गोल आकडे ओळीने येत नाहीत. या त्रिकोणाचं मूळ म्हणून जे चित्र सांगतात, ते १९४६च्या एका अमेरिकी पुस्तकातलं. त्यात टक्केवारी नव्हतीच.

मग वर्गात मुलांना बोलतं करणं फोल का? मुळीच नाही, आणि मला हेच कळकळीने सांगायचंय. विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या २२५ अभ्यासांची एकत्र छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास, सहभागाच्या वर्गांत २२. फरक मोठा आहे, पण त्यावरून लेक्चर बुडवायला आधार मिळत नाही.

स्वतः पडताळून पाहा. लेक्चर संपलं की वही मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, मग शेजारच्याला समजावून सांगा. समजा, भौतिकशास्त्रातला 'एन्ट्रॉपी' हा शब्द आठवतो, पण पुढच्या वाक्याला पेन अडतं. वही उघडायची ती नेमकी त्या जागी.