स्पिरिट्स ऑफ सेंट लुइस

अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन (एबीए) या व्यावसायिक लीगमध्ये १९७४ ते १९७६ असे दोनच हंगाम खेळलेला संघ. आज त्याचे नाव निघते ते बहुधा मालकांनी केलेल्या एका करारामुळे. मैदानावरचा त्याचा खेळ त्यामुळे झाकोळून गेला, हा त्या खेळाडूंवर अन्यायच आहे.

हा संघ मुळात १९६७ मध्ये ह्यूस्टन मॅव्हरिक्स म्हणून सुरू झाला आणि १९६९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जाऊन कॅरोलायना कूगर्स झाला. घरचे सामने ग्रीन्सबरो, शार्लट आणि रॅली या शहरांत वाटून खेळवले जात. १९७२-७३ मध्ये कूगर्सनी ८४ पैकी ५७ सामने जिंकले, तरी पैशाचे गणित जमेना. १९७४ मध्ये न्यू जर्सीतील कापड व्यावसायिक ओझी आणि डॅनियल सिल्ना या भावांनी संघ विकत घेऊन सेंट लुइसला हलवला. एबीएची प्रतिस्पर्धी लीग असलेल्या एनबीएचा (नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन) हॉक्स संघ १९६८ मध्ये अटलांटाला गेल्यापासून हे शहर व्यावसायिक बास्केटबॉलला मुकले होते. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ मध्ये ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्यावरून संघाचे नाव ठेवले गेले.

नव्या गावात संघही जवळजवळ नवाच उभा राहिला. मार्विन बार्न्सने पहिल्याच वर्षी सामन्यामागे सरासरी २४ गुण मिळवून सर्वोत्तम नवोदिताचा मान पटकावला. सोबतीला मॉरिस ल्यूकस आणि अनुभवी फ्रेडी लुइस होते. रेडिओवर समालोचन करणारा बॉब कॉस्टास तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. बार्न्सचा एक किस्सा त्यानेच लोकप्रिय केला: वेळेच्या पट्ट्यांमुळे निघण्याच्या वेळेआधीच पोहोचणाऱ्या विमानात, म्हणजे ‘कालयंत्रात’, बसायला बार्न्सने साफ नकार दिला आणि तो भाड्याच्या गाडीने सेंट लुइसला आला.

साखळीत ३२ विजय आणि ५२ पराभव अशी पहिल्या हंगामाची कामगिरी बेताचीच होती. पण १९७५ च्या बाद फेरीत या संघाने ज्यूलियस अर्व्हिंगच्या गतविजेत्या न्यूयॉर्क नेट्सना ४-१ असे हरवले. पाचव्या सामन्यात शेवटच्या क्षणी लुइसने टाकलेल्या बास्केटने मालिका संपवली. एबीएतील मोठ्या धक्कादायक निकालांत याची गणना व्हायला हवी. पुढच्या फेरीत मात्र केंटकी कर्नल्सपुढे, म्हणजे त्या वर्षीच्या विजेत्यांपुढे, संघ हरला. दुसऱ्या हंगामात युटा स्टार्स बुडाल्यावर मोझेस मलोन इकडे आला, तरी विजय ३५ वरच थांबले आणि प्रेक्षकही रोडावले.

जून १९७६ मध्ये एबीए विसर्जित झाली. डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनिओ हे चार संघ एनबीएत गेले. केंटकी आणि सेंट लुइस बाहेर राहिले. केंटकीच्या मालकाने रोख भरपाई घेऊन विषय संपवला. सिल्ना बंधू आणि त्यांचे वकील डोनाल्ड शुपॅक यांनी २२ लाख डॉलर घेतले आणि त्यावर चारही संघांच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातला एक सप्तमांश वाटा मागितला, तोही कायमचा. प्रक्षेपणाचे हक्क तेव्हा स्वस्त असल्याने समोरच्यांनी फारशी खळखळ केली नाही. मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड आणि मायकेल जॉर्डन यांच्या काळात हे हक्क महागत गेले, तसा हा वाटाही फुगला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये एनबीएने ५० कोटी डॉलर एकरकमी देऊन या वाट्याचा बहुतांश भाग सोडवून घेतला. तोवर सिल्नांच्या हाती सुमारे ३० कोटी डॉलर पडले होते.