बाऊलचा डोल आणि हेडफोनमधले बीट्स

मन फार बिथरलं, झोप उडाली की अनेक जण मोबाइलवर शांत करणारे आवाज शोधतात. तिथे तिबेटी बाऊल (टोला दिला की घुमणारी धातूची वाटी) आणि बाइनॉरल बीट्स (हेडफोनमधून दोन कानांत दोन किंचित वेगळे सूर) शेजारीशेजारी सापडतात. दोन्हींत आवाज संथपणे डोलतो, म्हणून दोन्ही एकच समजले जातात. पण हा डोल जन्मतो ते ठिकाण वेगळं आहे.

कांशाचा बाऊल कधीच अगदी गोल, सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. त्यामुळे टोला दिला की एकमेकांच्या अगदी जवळचे दोन सूर निघतात, हवेत मिसळतात आणि आवाज चढतो-उतरतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांतली एक किंचित उतरली की हाच डोल येतो. जोडी मिळवताना तो ऐकत ऐकतच घालवतात.

बाइनॉरलमध्ये हवेत काहीच मिसळत नाही. एका कानात 200 हर्ट्झचा सूर, दुसऱ्यात 210चा, दोन्ही स्थिर. सेकंदाला 10 वेळा होणारं स्पंदन तयार होतं ते मेंदूच्या बुंध्याशी, जिथे दोन्ही कानांचे संदेश प्रथम एकत्र येतात. एका कानातला हेडफोन काढा, स्पंदन गेलं. स्पीकरवर लावलं तर सूर हवेतच मिसळतात आणि उरतो बाऊलसारखा साधा डोल. ‘स्पीकरवरही चालेल’ असं सांगणाऱ्या व्हिडिओवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

मेंदूच्या लहरी या स्पंदनाच्या तालाशी जुळतात, हा दावा मात्र ठाम नाही. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्या चाचणीच्या, अभ्यासांत परस्परविरोधी निष्कर्ष आहेत. काळजी कमी होण्याबाबत चित्र बरं आहे. 2005च्या एका चाचणीत शस्त्रक्रियेआधी बाइनॉरल ऐकलेल्यांची चिंता 26.3 टक्क्यांनी उतरली, तोच आवाज बीट्सविना ऐकलेल्यांची 11.1 टक्क्यांनी. बाऊलच्या 62 जणांवरच्या अभ्यासातही ताण उतरला, पण तिथे तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शांत पडून राहण्याचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही.

माझ्या मते, आवाजानेच दचकणाऱ्या माणसाने हेडफोनपासून, अगदी हळू आवाजात सुरुवात करावी, कारण थांबवणं त्याच्या हातात राहतं. बाऊलच्या सत्रात टोला डोक्याजवळ नको, हे आधीच सांगावं. फिट्सचा त्रास असेल, तर बाइनॉरलआधी डॉक्टरांना विचारावं.