गॅमा दिसले, उजेड कुठं गेला?

गुऱ्हाळं पेटली की कोल्हापूरच्या आसपास मावळतीचा सूर्य धुराआडून जास्तच तांबडा दिसतो. धुराचे बारीक कण निळा प्रकाश इकडेतिकडे उधळतात, तांबडा बराचसा निसटून आपल्यापर्यंत येतो. ताऱ्यांमधल्या धुळीचंही असंच. ती दूरच्या तारकागुच्छांचा उजेड खाते, हे खगोलशास्त्रज्ञ ट्रम्पलरने १९३० मध्ये दाखवून दिलं.

गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या विश्वातून अचानक येणारे गॅमा किरणांचे प्रचंड लोट, सापडले ते मात्र अपघातानं. चोरट्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी १९६७ मध्ये ते टिपले, जाहीर व्हायला १९७३ उजाडलं. गॅमा किरण धुळीतून आरपार जातात, त्यामुळे तेव्हा धुळीची आठवण होण्याचं कारणच नव्हतं.

ती झाली १९९७ मध्ये. फेब्रुवारीत बेप्पोसॅक्स उपग्रहामुळे स्फोटानंतर रेंगाळणारी झळाळी पहिल्यांदा सापडली. मग २८ ऑगस्टचा स्फोट आला. क्ष-किरणांत झळाळी ठळक, पण साध्या प्रकाशात मोठ्या दुर्बिणींनाही काही दिसेना! पुढे रेडिओ लहरींच्या खुणेवरून त्याची दीर्घिका सापडली आणि संशय धुळीवर गेला. अशा स्फोटांना ‘काळे’ म्हणू लागले. लांब चालणारे स्फोट बहुधा अवजड ताऱ्यांच्या मरणातून होतात, आणि हे तारे अल्पायुषी. जन्मले त्या धुळकट ढगापासून फार लांब जायला त्यांना सवडच मिळत नाही.

मला यातली खरी गंमत पुढची वाटते. झळाळीचा मूळ वर्णपट अगदी सरळसोट असतो, त्यामुळे त्यातला कुठला रंग किती गळाला यावरून अब्जावधी प्रकाशवर्षांवरची धूळ ओळखता येते. आपल्या आकाशगंगेतली धूळ २१७.५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश खास गिळते. स्फोटांच्या बऱ्याच दीर्घिकांत ही खूण मिळत नाही, तिथली धूळ धाकट्या मॅजेलनी मेघातल्या (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या) धुळीसारखी वाटते. २००७ च्या एका स्फोटात मात्र ही खूण स्पष्ट उमटली.

(धुळीवर याहून मोठी भिस्त ठेवणारे जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे. सहसा महास्फोटाची खूण मानल्या जाणाऱ्या विश्वभरच्या सूक्ष्मलहरी प्रारणाचं स्पष्टीकरण त्यांनी आणि सहकाऱ्यांनी धुळीतल्या लोखंडी तंतूंवरून दिलं. बहुतेकांना ते पटलं नाही.)

९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट तर विक्रमी तेजस्वी. त्याचे क्ष-किरण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीवरून विखुरले आणि आकाशात पसरत जाणारी कडी दिसली. आडवाटेनं आलेल्या किरणांना किती उशीर झाला, यावरून धुळीचा एकेक पडदा किती लांब आहे ते काढता आलं.