फॉरवर्ड होता होता चित्र कुठे विरतं?

परवा एका मित्राने जुन्या हस्तलिखिताच्या पानाचं चित्र पाठवलं. तेच पान मी दोन वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाच्या संग्रहातून उतरवून ठेवलं होतं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. माझ्या प्रतीत समासातल्या वेलीचं पानन् पान मोजता येत होतं. त्याच्याकडून आलेल्या चित्रात वेलीच्या जागी नुसता हिरवट पट्टा, आणि काळ्या अक्षरांभोवती चिलटं घोंघावावीत तसे करडे ठिपके.

डिजिटल प्रत कधी खराब होत नाही, असं आपण धरून चालतो. फाइल जशीच्या तशी उतरवली तर ते खरंच आहे. हजाराव्या प्रतीतही एक बिट बदलत नाही. पण मेसेजिंग ॲप बहुतेक वेळा डेटा वाचवण्यासाठी चित्राचा आकार कमी करतात आणि ते नव्याने जेपेगमध्ये, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत, बसवतात. खरी झीज इथे होते.

जेपेग आधी उजेड आणि रंग वेगळे करतं. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाच्या बाबतीत सहसा चार पिक्सेलमागे एकच नोंद ठेवली जाते. मग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात. एका चौकोनात ६४ आकडे. हे आकडे तसेच न साठवता ६४ ठरावीक नक्षींची बेरीज म्हणून मांडले जातात: पहिली नक्षी सपाट, म्हणजे चौकोनाची सरासरी, आणि पुढच्या उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या लहरी. या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केलं. अहमद यांनी १९७२ मध्ये त्यासाठी मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं होतं, कल्पना फारच साधी वाटली म्हणून! १९९२ च्या जेपेग मानकाचा गाभा तीच साधी कल्पना आहे.

रंगाच्या गाळलेल्या नोंदी सोडल्या, तर इथवर फारसं काही हरवलेलं नसतं. हरवतं ते पुढच्या पायरीवर. प्रत्येक लहर किती प्रमाणात आहे ते सांगणाऱ्या आकड्याला एका ठरावीक संख्येने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणतात. मानकातल्या नमुना तक्त्यात सरासरीसाठी भाजक १६ आहे, तर सगळ्यात बारीक लहरीसाठी ९९. त्या लहरीचा आकडा ४० असेल तर भागाकार ०.४, म्हणजे शून्य. वेलीची पानं अशीच शून्यात गेली.

आता फॉरवर्डची साखळी पाहा. समजा एक आकडा ३९ आहे. १६ ने भागून २.४, म्हणून २. उघडताना परत १६ ने गुणलं की ३२. पुढच्या ॲपचा भाजक १३: ३२ चे होतात २६. त्यापुढच्याचा २०: २६ चे होतात २०. तीन हातांत आकडा जवळपास निम्मा! भाजक तोच आणि चौकोनही तेच राहिले, तर पहिल्या फटक्यानंतर झीज जवळजवळ थांबते. पण कुणी डाव्या किंवा वरच्या कडेचे तीन पिक्सेल कापले की सगळे चौकोन सरकतात आणि सगळं पुन्हा नव्याने सुरू होतं.

अंधाऱ्या जुन्या फोटोत दिसणाऱ्या 'आकृती' भुताखेतांच्या म्हणून फिरवल्या जातात, त्यातल्या काही याच चौकोनांच्या कडा असू शकतात. आणि एआयने चित्र 'पूर्ववत' होतं ही जाहिरातही मानू नका. शून्य झालेला आकडा परत येत नाही. यंत्र तिथे शोभेल असं काहीतरी नवं रंगवतं. संस्कृतीच्या पुराव्याबाबत हे मला धोक्याचं वाटतं.

चित्रासोबत आणखी एक गोष्ट गळते. फाइलच्या पोटात छायाचित्राची तारीख, कॅमेरा, कधी ठिकाण, श्रेय आणि हक्क अशा नोंदी असतात. नव्याने बांधणी करताना त्या बहुधा काढून टाकल्या जातात. त्यातून घरचा पत्ता उघड होत नाही, हे चांगलंच. पण चित्रही पोरकं होतं.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये चित्रकार रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राचं ७१७ गिगापिक्सेलचं (७१७ अब्ज पिक्सेलचं) छायाचित्र सर्वांसाठी खुलं केलं. त्यातला एक पिक्सेल म्हणजे चित्रावरचे पाच मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. मूळ इतकं हाताशी असताना दहाव्या हातचं कशाला पाठवायचं?

मी माझी प्रत मित्राला डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे ॲप चित्राला हात लावणार नाही अशी, पाठवली, सोबत ग्रंथालयाच्या पानाचा दुवा. रात्री त्याचा निरोप आला: वेलीवर एक पक्षी बसलाय, हे त्याला तोवर दिसलंच नव्हतं.