आगटी (हुरड्याची)

जमिनीत खणलेला उथळ खड्डा, त्यातला शेणींचा विस्तव आणि त्याभोवती बसून ज्वारीची कोवळी कणसे भाजून खाण्याचा कार्यक्रम, या तिन्हींना सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्व भागात हा एकच शब्द चालतो. ‘उद्या आमच्यात आगटी हाय’ एवढे म्हटले की काय खायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. प्रघात मुख्यतः रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातला: साताऱ्याकडे माण, खटाव व फलटणचा काही भाग, सांगलीकडे जत, आटपाडी, कवठे महांकाळ आणि खानापूर. पाटण, जावळी, शिराळा हा पावसाचा व भाताचा मुलूख असल्याने तिथे शेकोटी असते, आगटी नसते.

शब्दाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार संस्कृत ‘अग्निष्ठिका’ (विस्तव ठेवण्याचे पात्र) पासून प्राकृतातून ‘आगटी’ आला. हिंदीतील ‘अंगीठी’ याच कुळातली. दुसरे मत ‘आग’ला लघुत्वदर्शक प्रत्यय लागला असे सरळ मानते. कोशांतून ‘आगठी’ असेही रूप आढळते. त्यातला महाप्राण ‘ठ’ दुसऱ्या मताने नीट उलगडत नाही, म्हणून पहिलेच मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थही सरकलेला दिसतो. जुन्या कोशांत आगटी ही अंग शेकण्यासाठी केलेली विस्तवाची जागा आहे, भाजण्याचा अर्थ तिला मागाहून चिकटला असावा. भाजल्या जाणाऱ्या कोवळ्या दाण्याला मराठीत हुरडा, सुरतेकडे पोंक आणि जतच्या सीमेपलीकडे विजापूर भागात सीतनी म्हणतात. सीतनी हे ‘सिहि तेने’, म्हणजे गोड कणीस, याचे झिजलेले रूप समजले जाते. जत तालुक्यातील कन्नड बोलणाऱ्या घरांत हुरडा आणि सीतनी हे दोन्ही शब्द ऐकू येतात.

हुरडा किती जुना, हा प्रश्न ज्वारी इकडे केव्हा आली याच्याशी बांधलेला आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानात इ. स. पू. ३००० च्या आसपास ती माणसाळवली जात असल्याचे पुरावे मिळाले आहेत. भारतातील सर्वांत जुन्या नोंदी गुजरातेतील रोजडीसारख्या उत्तर-हडप्पाकालीन स्थळांवरून दिल्या जातात आणि त्या इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीपर्यंत नेल्या जातात. मात्र जळक्या दाण्यांची ओळख पटवताना ज्वारी आणि इतर बारीक तृणधान्ये यांची गल्लत झाल्याचा आक्षेप पुरावनस्पतिज्ञांनी घेतला असून यांतल्या काही नोंदी आता संशयास्पद मानल्या जातात. भाषेचा पुरावा तुलनेने ठाम आहे. संस्कृत ‘यावनाल’, प्राकृत ‘जोण्णलिआ’, तेलुगू ‘जोन्न’, कन्नड ‘जोळ’ आणि मराठी ‘जोंधळा’ ही नावे एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की दख्खनमध्ये हे धान्य पुष्कळ आधी रुळले असले पाहिजे. ‘यावनाल’ची फोड ‘यवासारखे नळ असलेले’ अशी करतात. द्राविडी शब्दाला नंतर चढवलेला हा संस्कृत पोशाख असण्याचीही शक्यता आहे.

वाण. भाकरीची ज्वारी आणि हुरड्याची ज्वारी एक नव्हे. या भागात भाकरीला आणि कडब्याला मालदांडी ३५-१ मानतात. मंगळवेढ्याकडच्या स्थानिक वाणातून मोहोळच्या संशोधन केंद्रावर झालेली ती निवड आहे. तिचाही हुरडा होतो, पण दाणा बोंडात (दाण्याभोवतीच्या टरफलात) घट्ट बसलेला असल्याने चोळताना तळवे सोलतात. हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती, कुचकुची अशी गावठी वाणे शेताच्या कडेला दोन-चार ओळींत लावण्याची चाल होती. गूळभेंडीत बोंड सैल असते आणि दाणा हलक्या हाताने सुटतो, गोडीही जास्त. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी म्हणून ‘फुले उत्तरा’ हा वाण दिला. तो चांगला आहे. तरी जाणती माणसे बियाणे विचारताना अजून ‘गूळभेंडी हाय का’ असेच विचारतात.

दाण्याची वेळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी साधारण नव्वद ते शंभर दिवसांत हुरड्यावर येते, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात. खरसुंडीच्या पौषी यात्रेला खिलार जनावरे घेऊन जाणाऱ्यांना वाटेतल्या शेतांतून हुरडा मिळे, तो हाच काळ. दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकात येतो, मग कणकेसारखा मऊ होतो आणि शेवटी कडक. दुधाळ अवस्थेत साखर अधिक असते आणि दिवसागणिक तिचा स्टार्च होत जातो. हुरडा हवा तो दुधाळपणा सरताना आणि कणीक घट्ट होण्याआधी. नखाने दाणा दाबला की पांढरे दूध उडाले तर दोन दिवस थांबायचे, मऊ गोळा आला तर विळा लावायचा. एका शेतात ही संधी आठ-दहा दिवस टिकते. शिवाय ज्वारीचे कणीस शेंड्याकडून बुडाकडे फुलत येते. त्यामुळे एकाच कणसात शेंड्याचे दाणे पुढे गेलेले आणि बुडाचे मागे राहिलेले असतात. कोणत्याही हुरड्यात दोन चवी लागतात त्या यामुळे, भाजणाऱ्याच्या चुकीने नव्हे.

भाजणी. खड्डा वितभर खोल, हातभर रुंद. शेणी उभ्या रचून पेटवायच्या आणि जाळ पूर्ण बसू द्यायचा. ज्वाळेवर भाजले तर बोंड करपते आणि दाणा आतून कच्चा राहतो. इंगळ लाल झाले, त्यांवर राखेची पातळ साय धरली, की कणसे त्यांत खुपसतात, दांडे बाहेर. लाकडापेक्षा शेणी पसंत करतात, कारण त्यांची आच मंद आणि एकसारखी असते. बाभळीच्या लाकडावर भाजलेला हुरडा वासाला उग्र लागतो, असा आटपाडीकडचा ठाम समज आहे आणि प्रस्तुत लेखकाला तो पटतो. भाजणारा दांड्याने कणीस फिरवत राहतो. दोन-तीन मिनिटांत दाणे तडतडू लागतात, दुधाचा गोड वास सुटतो. कणीस वर काढून दांडा जमिनीवर एकदा आपटायचा, राख झडते. मग ते गरम असतानाच तळव्यांत धरून चोळायचे किंवा गोणपाटावर घासायचे आणि सुपात घेऊन फोल उडवायचे. हिरवट दाणे परातीत पडतात, त्यांवर कुठे कुठे काळा डाग.

आगटीवर जेवणाचे ताट नसते. हुरडा मुठीने घेतात. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, खर्डा, गूळ, घट्ट दही. जोडीला उसाचे कांडे, बोरे, हरभऱ्याचा हावळा (भाजलेले हिरवे घाटे). चटणी तिखट हवी, कारण हुरड्याची गोडी लवकर मिठ्ठी बसवते. वर पाणी पिऊ नये, ताक प्यावे, हा सल्ला प्रत्येक आगटीवर कोणीतरी देतेच. भाजण्याचे काम घरातल्या थोरल्याकडे किंवा जाणत्या गड्याकडे असते आणि खाणाऱ्याने त्यात हात घालू नये असा संकेत आहे. परात पुढे सरकवताना म्हातारा म्हणतो, ‘पावणं, बोलणं मागनं. आदी ह्ये खावा, गार झालं की वातड हुतंय.’ हे खरेच आहे. निवल्यावर हुरडा चिवट होतो. म्हणून तो घरी नेऊन वाढण्याचा पदार्थ झाला नाही, माणसेच शेतावर जातात.

निखाऱ्याभोवती बसून खाण्याच्या इतर पद्धतींशी तुलना केल्यास खाणाऱ्याने भाजण्यात हात न घालण्याचा हा संकेत उठून दिसतो. मुंबई-पुण्यातील कोरियन किंवा व्हिएतनामी उपाहारगृहांत टेबलावरच शेगडी मांडलेली असते आणि आपला तुकडा ज्याचा त्याने भाजायचा असतो. व्हिएतनामी रीतीत भाजलेले मांस पुदिना व इतर हिरव्या पाल्यासह ओल्या केलेल्या तांदळाच्या पापडात गुंडाळतात आणि ‘नुओक चाम’मध्ये बुडवून खातात. हे मासळीच्या आंबवलेल्या रसात लिंबू, साखर, लसूण व मिरची घालून केलेले पातळ कालवण. पण त्या देशातही सर्वत्र असे नाही. हनोईचा ‘बुन चा’ कोळशावर विक्रेताच भाजतो आणि गिऱ्हाईक शेवया व पाला घेऊन वाट पाहते. आगटी या दुसऱ्या प्रकाराला जवळची.

पूर्वी हुरड्याला पैसे घेत नसत. पाहुणे, गावातले शिक्षक, सावकार, व्यापारी यांना बोलावणे जाई, बलुतेदारांना कणसे मिळत. राखणीला माळ्यावर बसून गोफण चालवणाऱ्या पोरांचा तर रोजचा न्याहारीचा हक्कच असे. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी आल्यावर या तालुक्यांत ऊस, द्राक्षे व डाळिंब वाढले आणि ज्वारी कमी झाली. त्याच सुमारास महामार्गालगत ‘हुरडा पार्टी’ची शेते निघाली. तिथे माणशी दर, बैलगाडीची फेरी, झोपाळे आणि दुपारी पिठलं-भाकरी असते. हुरडा बहुधा आतून भाजून येतो आणि आगटी शोभेला पेटलेली असते. गोठवलेला हुरडाही आता बाराही महिने मिळतो. थालीपिठाला तो चालतो.

कणसे खुडलेली ताटे शेतात तशीच ठेवत नाहीत. हिरवी असतानाच कापून जनावरांना घालतात. चोळून रिकामी झालेली कणसेही गोठ्यात जातात. विस्तव मात्र उठण्यापूर्वी पाणी ओतून विझवतात, कारण दहा पावलांवर वाळता कडबा उभा असतो.