शेल स्क्रिप्टसाठी भरवशाचे आउटपुट

कमांड-लाइन साधनाने (आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रामने) छापलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रामला किंवा शेल स्क्रिप्टला (आज्ञा चालवणाऱ्या ‘शेल’ प्रोग्रामसाठी लिहिलेल्या आज्ञांच्या यादीला) चूक न होता वाचता यावा, यासाठी त्याच्या मांडणीत पाळावयाची शिस्त.

एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला जोडण्याची कल्पना डग मॅक्‌इलरॉय यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमधील टिपणात मांडली. केन टॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्स या संगणक कार्यप्रणालीत ती पाइपच्या रूपाने साकारली. त्रुटिसंदेशांचा स्वतंत्र प्रवाह (स्टँडर्ड एरर) मात्र पाइपबरोबर आला नाही. त्याचा उगम काही ठिकाणी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) दाखवला जातो. मॅक्‌इलरॉय यांच्या नोंदीनुसार त्या आवृत्तीपर्यंत लोकांनी त्रुटी आणि माहिती यांची सरमिसळ चालवून घेतली व त्यानंतर लवकरच युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी हा प्रवाह वेगळा केला. मॅक्‌इलरॉय स्वतः युनिक्सच्या गटात होते, म्हणून हा कालक्रम अधिक ग्राह्य वाटतो. फोटोटाइपसेटरवर (छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या यंत्रावर) मजकुराऐवजी त्रुटिसंदेशच जुळून आल्याची तेथील एका सहकाऱ्याची आठवणही या बदलाशी जोडली जाते.

फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट (ज्याचे मूल्य शून्य आहे असा एक बाइट) वगळता कोणतेही चिन्ह चालते, आणि घोटाळा येथेच होतो. डिचोली, फोंडा आणि वास्को द गामा अशा तीन फाइली असलेल्या फोल्डरमध्ये ‘एलएस’ या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेचे आउटपुट अवतरणचिन्हांविना लूपमध्ये (एकेक नाव घेत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) घेतल्यास शेल मोकळ्या जागेवर नाव तोडते आणि स्क्रिप्टला पाच नावे मिळतात. त्यामुळे फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ने प्रत्येक नावानंतर शून्य बाइट टाकणे व ती नावे दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या ‘एक्सआर्ग्स’ने त्यावरच तोडणे हा सुरक्षित मार्ग आहे, पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणात तो २०२४ च्या आवृत्तीत आला. बाइट मोजून रकाने कापणेही मराठीला मानवत नाही, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘पणजी’ १२ बाइट घेते.

लोकेलचा (संगणकावरील भाषा व प्रदेशाच्या मांडणीचा) परिणाम सहज नजरेतून सुटतो. जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांच्या कामासाठी संगणकाचे लोकेल पोर्तुगीज ठेवले असेल, तर बॅश या शेलमधील ‘प्रिंटएफ’ ही छापण्याची आज्ञा दशांशचिन्ह म्हणून बिंदूऐवजी स्वल्पविराम छापते आणि पुढची बेरीज फसते. म्हणून स्क्रिप्टमध्ये लोकेल ‘सी’ (कोणत्याही भाषेशी न बांधलेले मूळ लोकेल) असे ठरवून द्यावे.

यश की अपयश हे संदेशाच्या शब्दांवरून नव्हे, तर निर्गमन संकेतांकावरून (प्रोग्राम संपताना परत देतो त्या अंकावरून) ओळखावे: मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’मध्ये ० म्हणजे सापडले, १ म्हणजे सापडले नाही आणि त्याहून मोठा अंक म्हणजे त्रुटी. माणसासाठीची मांडणी रंगांसह खुशाल सुधारत राहावी. यंत्रासाठीची मात्र गोठवलेली असावी. फाइलींमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील ‘गिट स्टेटस’ आज्ञेचा ‘पोर्सेलिन’ पर्याय याच हेतूने ठेवलेला आहे आणि त्याचे स्वरूप आवृत्तीगणिक बदलत नाही.